दप्तर रात्री भरा, सकाळ शांत जाईल



जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि नेमका त्याच वेळी आपल्या शाहूवाडी तालुक्यात पाऊस धरतो. आंबा, गजापूर, विशाळगडाच्या अंगाला तर एकदा लागला की उसंत देत नाही. शेतात चिखलणी आणि रोप लावण, गोठ्यात ओली वैरण, चुलीपाशी ओली लाकडे. धारा काढून दूध वेळेत डेअरीला पोचवायचे असते. रोजंदारीला जाणाऱ्या बाईला मुकादमाची हाक येण्याआधी भाकऱ्या थापून व्हाव्या लागतात. अशा घाईत घरातली मुले शाळेला निघायची असतात. एकाची वही सापडत नाही, दुसऱ्याची चड्डी वाळलेली नाही, तिसरी वेणीसाठी फणी घेऊन आईच्या मागे फिरते आहे. आई ओरडते, बाप त्याहून मोठ्याने ओरडतो, आणि मूल रडत रडत पायवाटेला लागते. बहुतेक घरांत याला कोणी नवल म्हणत नाही. "सकाळचं असंच असतं" म्हणून सोडून देतात.

पण सकाळ असायलाच हवी अशी नाही, आणि ती तशी राहिल्याने मुलांचे जे नुकसान होते ते छोटे नाही. म्हणून या वेळी या विषयावर चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

मूल शाळा एका दिवसात सोडत नाही. आधी ते उशिरा जाऊ लागते. उशीर झाला की प्रार्थना चुकते, पहिला तास चुकतो, वर्गाच्या दारात उभे राहावे लागते, बाकीची मुले बघतात. अशा मुलाला मग उशिरा जाण्यापेक्षा न जाणे बरे वाटते. "आज उशीर झाला, राहू दे, उद्या जा," हे वाक्य घरातलीच माणसे बोलतात. महिन्यात असे तीन-चार दिवस गेले की गणितातले एखादे प्रकरण निसटते, आणि निसटलेले प्रकरण शिकवायला आपल्या घरात कोणी नसते. जिथे आईवडील स्वतः शिकलेले आहेत तिथे अशी भर घालता येते. पहिल्यांदाच शाळेची पायरी चढणाऱ्या घरात ती घालता येत नाही. म्हणून आपल्या मुलाला वेळेवर शाळेत पोचणे अधिक गरजेचे आहे.

दुसरे नुकसान थोरल्या मुलीचे. सकाळचा गोंधळ आवरायला आईला दोन हात कमी पडतात, तेव्हा ते हात थोरल्या लेकीचे असतात. ती धाकट्याला आंघोळ घालते, भांडी घासते, पाणी भरते, भावाचे दप्तरसुद्धा भरते, आणि स्वतः सर्वांत शेवटी तयार होते. त्याच घरात तिच्याहून एक वर्षाने लहान असलेला भाऊ आयत्या ताटावर बसलेला असतो. घरातली सकाळ नीट लावणे म्हणजे या मुलीचे शिक्षण वाचवणे आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्या कोल्हापूरच्या मातीला या विषयाचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जे पालक मुलाला शाळेत पाठवणार नाहीत त्यांना दरमहा १ रुपया दंड ठेवला. त्या काळात १ रुपया म्हणजे गरिबाच्या घरातली मोठी रक्कम होती. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. पुढे २००९ साली देशाने शिक्षणहक्क कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे. शाळा आली, पुस्तके आली, दुपारचा आहार आला. पण मुलाला वेळेवर, पोटात दोन घास घालून, रडू न देता घराबाहेर काढणे हे काम कोणताही कायदा करू शकत नाही. ते घरालाच करावे लागते.

काही भगिनी म्हणतील, आमचे घर दोन खणांचे, त्यात कसली आलीय व्यवस्था? त्यांनी बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची आठवण करावी. मुंबईत परळच्या चाळीत रामजी सुभेदारांचे सारे कुटुंब एका खोलीत राहत होते. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यासही तिथेच. चरित्रकार सांगतात की भीमराव लवकर झोपत, सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः झोपत. खोली एकच होती, पण सुभेदारांनी तिची वेळ वाटून दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. आज आपण मुलांना रात्री दोनला उठवावे असे मी सांगत नाही, मुलांना पुरती झोप हवीच. पण जागा अपुरी असली तरी तिला शिस्त लावता येते, हे मात्र त्या खोलीकडून शिकण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू.

मी कचेरीत कारकून आहे. आमच्याकडे आवक-जावक वही असते, आणि प्रत्येक फाईलला कपाटातला एक ठरलेला कप्पा असतो. कागद त्या कप्प्यात नसला की चार माणसांचा अर्धा दिवस जातो. घरातही तसेच आहे. सकाळी आपला वेळ कामात जातो त्याहून जास्त शोधण्यात जातो. म्हणून पहिली गोष्ट, शाळेच्या प्रत्येक वस्तूला एक कायमची जागा द्या.

त्यासाठी कपाट विकत घ्यायला नको. भिंतीला मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर एक खुंटी ठोका. तीन मुले असतील तर तीन खुंट्या. त्यावर दप्तर आणि गणवेश. खाली एक खोके किंवा जुनी ट्रंक, त्यात वह्या-पुस्तके. शेजारच्या कोनाड्यात कंगवा, रिबिनी, पेन्सिल. दारापाशी चपलांसाठी एक फळी. खुंटी मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हवी, हे मुद्दाम सांगतो. आपल्या घरात सगळ्या वस्तू मोठ्यांच्या उंचीला असतात आणि मग मूल प्रत्येक गोष्टीसाठी "आई, दे" म्हणते. मारिया मॉन्टेसोरी या बाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब कामगार वस्तीत मुलांसाठी पहिले बालगृह काढले, तेव्हा टेबल-खुर्च्या आणि फडताळे मुलांच्या मापाची ठेवली. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि हाच विचार खेड्यातल्या मुलांपर्यंत नेला, तोही महागडी साधने टाळून. वस्तू हाताला आली की मूल ती स्वतः घेते आणि स्वतः ठेवते.

दुसरी गोष्ट, सकाळची अर्धी कामे आदल्या रात्री उरकून टाका. जेवणाआधी किंवा जेवण झाल्याबरोबर दहा मिनिटे फक्त या कामाला द्या. उद्याचे वेळापत्रक पाहून दप्तर भरायचे. पेन्सिलीला टोक काढायचे. गणवेश, चड्डी-बनियन, रिबिनी खुंटीला लावायच्या. गुरुजींनी मागितलेला कागद, सही, पैसे काय असेल ते तेव्हाच विचारायचे. वेळापत्रक पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खुंटीच्या वर चिकटवा. ज्या आईला वाचता येत नाही तिने मुलाला ते मोठ्याने वाचायला सांगावे. तिची देखरेख होते आणि मुलाचे वाचनही होते.

दप्तर मुलानेच भरावे. आपण भरले तर ते आपले काम होते, आणि वही राहिली की "तू ठेवली नाहीस" असे मूल आपल्यालाच म्हणते. रोजचे रोज भरले की दप्तर हलकेही राहते. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात सांगितले आहे. २० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर २ किलोहून जास्त नको. आपली कितीतरी मुले वाडीवरून चढ-उतार करत शाळेला जातात. वर्षभराची पुस्तके रोज पाठीवर वाहण्याचे त्यांना काही कारण नाही.

आपल्या भागात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. गणवेश एकच असेल तर तो शाळेतून आल्याबरोबर उतरवून, धुऊन, पिळून चुलीच्या वरच्या वलणीवर टाकायचा, रात्री झोपताना नव्हे. तेवढ्या तीन-चार तासांत कापड बरेचसे वाळते. वलणी ज्वाळेपासून लांब आणि पक्की बांधलेली हवी. वह्यांसाठी दप्तरात एक जाड प्लॅस्टिकची पिशवी कायम ठेवावी. बूट-चपला घालण्यापूर्वी आपटून झाडण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा, पावसात विंचू आणि सापाची पिल्ले आडोशाला येऊन बसतात. आणि ओढ्याला पाणी चढले असेल तर शाळेची घाई करू नका. त्या दिवशी उशीर झाला किंवा शाळा बुडली तरी चालेल. फरशीवरून पाणी वाहत असताना मुलांनी पलीकडे जायचे नाही, हा नियम घरात पक्का असावा.

तिसरी गोष्ट, वेळेचा हिशेब उलटा मांडा. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून जमाखर्चाच्या भाषेत सांगतो. समजा एस.टी. साडेनऊला आहे आणि थांबा २० मिनिटांच्या वाटेवर आहे. म्हणजे ९.१० ही निघण्याची शेवटची वेळ. पण शेवटची वेळ म्हणजे आपली वेळ नव्हे. १५ मिनिटे राखीव निधी ठेवा, म्हणजे ८.५५ ला घर सोडायचे. न्याहारीला २० मिनिटे, म्हणजे ८.३५. कपडे आणि वेणी-फणी १५ मिनिटे, म्हणजे ८.२०. तीन मुले आणि न्हाणी एक, तर आंघोळीला पाऊण तास, म्हणजे ७.३५. तोंड धुणे, शौच २० मिनिटे, ७.१५. घरातले एक छोटे काम २० मिनिटे, ६.५५. आणि अंथरुणातून बाहेर यायला १५ मिनिटे. म्हणजे ६.४० ला उठायचे. शाळेला जाणाऱ्या ६ ते १२ वयाच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. मग ते मूल रात्री साडेनऊच्या आत झोपलेले असले पाहिजे. ज्या घरात मूल अकरापर्यंत टीव्ही किंवा मोबाईल बघत बसते, त्या घरातली सकाळची रडारड सकाळी सुरू झालेलीच नसते. नऊ वाजता मोबाईल वर ठेवायचा हा नियम मुलांपुरता ठेवून भागत नाही. बापानेही तो पाळला पाहिजे.

इथे एक गोष्ट नोंदवतो. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला, तो मुलांच्या झोपेचाच विचार करून. हा मिळालेला वेळ रात्रीच्या जागरणात घालवू नये.

न्याहारीबद्दल दोन शब्द. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारचा आहार मिळतो. तेव्हा सकाळी डब्याचा मोठा घाट घालण्याची गरज नाही. पण सकाळचे पोट रिकामे ठेवू नका, आणि चहा-बिस्किटाला न्याहारी म्हणू नका. भाकरी-दूध, आमटी-भात, नाचणीची आंबील, यातले काहीही चालेल. दूध डेअरीला घालताना एक तांब्या मुलांसाठी काढून ठेवावा.

चौथी गोष्ट कामाच्या वाटणीची. सहा-सात वर्षांच्या मुलाने स्वतः दात घासावेत, स्वतः कपडे घालावेत, अंथरूण गुंडाळावे, पाण्याची बाटली भरावी. आठ ते दहा वर्षांच्या मुलाने स्वतः आंघोळ करावी, दप्तर भरावे, आपले ताट घासावे, केर काढावा. अकरा वर्षांपुढे गणवेश धुणे, गजर लावून स्वतः उठणे, धाकट्याला सोबत घेऊन जाणे हे जमते. ही वाटणी करताना मुलगा-मुलगी असा भेद करू नका. मुलाने ताट घासले म्हणून त्याचे काही बिघडत नाही. उलट पुढे वसतिगृहात किंवा नोकरीला परगावी गेला की त्याला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. काही कामे मात्र लहानांना देऊ नयेत. पेटती चूल, गॅस, उकळते पाणी उचलणे, आडावरून पाणी शेंदणे, मारक्या जनावराजवळ जाणे. मुलाला स्वावलंबी करायचे म्हणजे त्याला धोक्यात सोडायचे नसते.

काम शिकवण्याचीही रीत आहे. आधी आपण करून दाखवायचे. मग दोघांनी मिळून करायचे. मग त्याने करायचे आणि आपण बघायचे. त्यानंतर बाजूला व्हायचे. आपल्याकडे पहिली पायरी झाली की थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात आणि मूल चुकले की "तुला काही येत नाही" म्हणून काम हातातून काढून घेतात. सहा वर्षांच्या मुलाला गुंडी लावायला आपल्यापेक्षा पाचपट वेळ लागतो. तो वेळ शाळेच्या सकाळी मिळत नाही. म्हणून नवे काम रविवारी शिकवावे.

मूल विसरेल, हेही धरून चालावे. कंपासपेटी राहिली तर ती घेऊन मागे पळू नका. एक दिवस शेजाऱ्याकडून पेन्सिल मागून घेईल आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने ठेवेल. औषध, डबा किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र राहिले तर मात्र जरूर पोचवावे. आणि गुरुजींना एकदा भेटून सांगावे की, घरी आम्ही मुलाला स्वतःचे स्वतः करायला शिकवतो आहोत, वही राहिली तर त्याला वर्गात हिणवू नका, समजावून सांगा.

कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. विद्यार्थी असताना ते कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध हो असे सांगण्यात आले. त्यांनी ऐकले नाही, आणि राहते वसतिगृह सोडावे लागले. पुढे त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपली कामे आपण करत. पाणी भरणे, दळणे, स्वयंपाक यांत कुणाला सूट नव्हती. आपले काम आपण करण्यात कमीपणा नाही आणि ते दुसऱ्यावर ढकलण्यात मोठेपणा नाही, हे त्या मुलांना पुस्तकाबाहेर शिकायला मिळाले. ताट कोणी घासायचे हा प्रश्न आपल्या देशात नुसता ताटाचा कधीच नव्हता. म्हणून तो घरातही बरोबरीनेच सुटला पाहिजे.

आता एक अडचण उरते. कितीतरी घरांत आई सातलाच कामावर जाते आणि मुले नंतर एकटी निघतात. काही घरांत बाप मुंबईला असतो, काही घरांत नसतोच. अशा आईला "नियोजन करा" म्हणून सांगणे सोपे आहे. तिला खरी मदत वस्तीनेच करावी. विहारात किंवा समाजमंदिरात बाहेरून दिसेल असे एक मोठे घड्याळ लावा. वस्तीतली सगळी मुले ठरल्या वेळी त्याखाली जमतील आणि एकत्र शाळेला निघतील असा रिवाज पाडा. त्या वेळी घरी असणाऱ्या एखाद्या आजीने किंवा निवृत्त माणसाने पाच मिनिटे उभे राहून डोकी मोजावीत. एखादे डोके कमी भरले तर त्या घरी हाक घालावी. महिला मंडळाला यासाठी वर्गणी लागत नाही, ठराव लागत नाही. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो वस्तीतल्या प्रत्येक मुलीने काढला आहे की नाही तेही त्याच वेळी विचारता येईल.

हे सारे एका दिवसात होणार नाही. पहिल्या आठवड्यात फक्त खुंट्या ठोका. दुसऱ्यात रात्री दप्तर भरण्याची सवय लावा. तिसऱ्यात झोपेची वेळ धरा. चौथ्यात एकेक काम वाटा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी घरात कोणी न ओरडता मुले वेळेवर निघाली, त्या तारखेला मुलांच्याच हाताने टिंब करायला सांगा. महिनाअखेरीस टिंबे मोजा. पहिल्या महिन्यात ती सात-आठच निघाली तरी वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या महिन्याची सुरुवात त्या शिल्लकेवर होते. थोरली मुलगी रोज कितीला घराबाहेर पडते, हेही त्याच कॅलेंडरवर लिहीत जा. तिची वेळ भावाच्या वेळेइतकी झाली की घराची घडी बसली असे समजावे.